गुलाबाच्या फवारणीनंतर

सातपूर, १७ डिसेंबर २००१

ती. सौ. प्रतिभावहिनीस,
मंजुषाचा सा. न. वि. वि.

आज बाजारात फुलं उतरवून टेम्पो घेऊन परतताना राजदादा नेहमीसारखा फुलांची पुडी आणि तात्यांची चिठ्ठी देऊन गेला. वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. तात्या लिहितात, वेणी घालून मगच शाळेत जा आणि वाटेत आईला भाकरी देऊन ये. वहिनी, आईला जाऊन चार वर्षं झाली, आणि मी सासरी नांदते आहे.

तात्या थट्टेखोर, हे तुम्ही जाणताच. लग्नाच्या बोलणीत त्यांनी जावयाला गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, कंपनीत नट आवळता की ढिले करता? म्हणून आधी हसले. पुन्हा वाचलं तर हसू येईना. शाळेत घालण्याआधी मळ्यात बसवून मला बाराखडी त्यांनीच शिकवली. त्यांची ओळ कधी वाकडी जात नाही. ही उतरत कागदाबाहेर गेली आहे. ताप आहे का? खोकला? जेवतात का? हे म्हणतात, तुला काळजीला निमित्तच लागतं. असेलही. तरी खरं ते कळवा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
मंजुषा


मळा, १८ डिसेंबर

प्रिय मंजूताई,
स. न. वि. वि.

ताप नाही, अंग उलट गार लागतं. खोकला बिडीचा, नेहमीचाच. पण तुम्ही खरं विचारलंत म्हणून लिहिते. शनिवारी गुलाबावर फवारणी केली. औषध मी कालवलं, आणि तात्या वाऱ्याच्या तोंडाशी उभे होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं बोलणं बदललं. फवारणी बाधली म्हणून आम्ही साबण लावून डोक्यावरून अंघोळ घातली, लिंबूपाणी दिलं. शेजारच्या सहादूबाबांना असंच गरगरलं होतं, ते अंघोळीने उतरलं. तात्यांचं उतरत नाही.

काल मला म्हणाले, तू कोणाची गं पोरगी, लय कामाची दिसतेस, तुझ्या बापाला सांगून सून करून घेतो. मी म्हटलं, घेतलीत की केव्हाच. ते हसले नाहीत. दिवसभर गुंगीत असतात, शेवंती म्हणून झेंडू तोडतात, घास तोंडात तसाच धरून बसतात आणि बसल्या जागी धावून आल्यासारखा दम लागतो. परवा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. तोडणीला माणसं सांगितली आहेत. तेवढा गुरुवार झाला की डॉक्टरकडे नेऊ, असं तुमचे दादा म्हणतात.

औषध माझ्या हातून जरा कडक झालं असेल. हे दादांना सांगू नका.

जीव लावता तसाच लावत राहा,
प्रतिभा


सातपूर, १९ डिसेंबर

ती. सौ. वहिनीस,
घाईचा नमस्कार.

पत्र वाचलं, दादाला दारातच थांबवलं आणि गल्लीतल्या डॉक्टरांकडे धावले. ते म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया ताप न येताही होतो. नुसती गुंगी, भ्रमिष्ट बोलणं, अन्न नकोसं होणं आणि भरभर श्वास. मला वाटलं, कळलं. तेवढ्यात म्हणाले, फवारणीच्या विषानेही दम लागतो, भ्रम होतो. मग मला काहीच कळेना. ओळखायचं कसं, असं विचारलं तर म्हणाले, तुम्ही ओळखत बसायचंच नाही, न्यायचं. छाती तपासून फोटो काढल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही.

वहिनी, मी चुकत असेन तर गुरुवारची फुलं वाया जातील आणि दादा वर्षभर बोलेल. बोलू दे. कुरकुरत का होईना, तो टेम्पो तात्यांसाठीच घेऊन येतो आहे. त्यांना आडवं करू नका, उशीला टेकवून बसवा. ओठ, नखं निळसर दिसतात का बघा, पण दिसली नाहीत म्हणून थांबू नका. फवारणीची बाटलीही सोबत द्या. दादाला मी काही बोललेले नाही, पण डॉक्टरांना ती बघावीच लागेल. मी सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहते.

मंजुषा


दवाखाना, २३ डिसेंबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

न्यूमोनियाच आहे. फोटोत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसतो. डॉक्टरांनी बाटली वाचली, तात्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या विषाने आकसल्या आहेत का ते पाहिलं आणि म्हणाले, फवारणीचा यात हात नाही. वहिनी, तुम्ही आज स्वस्थ झोपा.

ऑक्सिजन लावला आहे, शिरेतून औषध चालू आहे. मला वाटलं होतं, औषध लागू पडलं की बोलणंही ताळ्यावर येईल. श्वास सुधारला, बोलणं नाही. काल नर्सबाईंना बाजारातल्या अडत्या समजून खडसावलं, वजनात मारता म्हणून. सगळा वॉर्ड हसला. मी हसावं की रडावं? भ्रम मागाहून उतरतो म्हणतात. उतरलाच नाही तर काय, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. घरी आल्यावर बरं वाटलं तरी गोळ्या पुऱ्या घ्यायच्या, बिडी कायमची बंद, आणि नंतर लस.

तुमची आठवण काढत,
मंजुषा


मळा, ११ जानेवारी २००२

चि. सौ. मंजूस,
तात्यांचे पोटभर आशीर्वाद.

गोळ्या संपल्या. बिडीची बंडलं तुझ्या वहिनीने चुलीत घातली, मी नुसता बघत बसलो. लस टोचायला पुढच्या महिन्यात बोलावलं आहे. सुईला मी भीत नाही, पण तू सोबत ये. शेवंतीचा तोडा गेला म्हणून राज अजून तोंड फुगवून आहे. लहानपणीही असाच फुगायचा.

सगळे म्हणतात, म्हातारा शुद्धीवर आला. येणारा-जाणारा विचारतो, आज वार कोणता, ही कोण. मी सांगतो, ते माना डोलावतात. पण मंजू, तुला म्हणून लिहितो. त्या दिवसांतही मला काही चुकतंय असं वाटलं नव्हतं. दवाखान्यात दोन खाटांमधून पाटाचं पाणी वाहायचं, मी पाय वर घेऊन बसायचो. तळव्यांना गार लागायचं. आज हा कागद जितका खरा आहे, तितकंच ते पाणी खरं होतं. मग आज मी बरा आहे, हे मला कशावरून कळावं?

म्हणून सगळे शहाणा म्हणतात तोवरच सांगून ठेवतो. पुन्हा मी असा बदललो आणि कोणी म्हटलं, वयच झालं आहे, तर ऐकू नकोस. मला काही झालेलं नाही असं मी स्वतः म्हटलं, रागावलो, तोंडाला येईल ते बोललो, तरी ऐकू नकोस. उचल आणि टेम्पोत घाल.

हे ओझं तुझ्यावर टाकतो आहे, त्याचा राग धरू नकोस.

तात्या