धुतलेली बाटली

प्रिय ठमे,

तुझ्या खोलीची खिडकी नीट लागते का? गार वारा लागला की तुला लगेच खोकला होतो. तुझी आई म्हणते, पोरगी एकोणीस वर्षांची झाली तरी तुमचं खोकलापुराण काही संपत नाही. मी सातवी नापास माणूस. चुका सांभाळून घे.

परवा फोनवर तू आईला म्हणालीस की हा पाणी तपासायचा कोर्स सोडते, शनिवारी सामान घेऊन येते. ओढ्याचं म्हणून नळाचं पाणी भरून आणलं, असं सरांनी वर्गासमोर सुनावलं आणि पुढच्या महिन्यात पाणीखात्यात शिकाऊ म्हणून जाणाऱ्यांच्या यादीतून तुझं नाव काढलं.

तुझ्या या शिक्षणाला नाक मुरडणारा मीच. शाळेने तुम्हाला सांडपाण्याचं केंद्र दाखवायला नेलं होतं. बाकीची मुलं नाकाला रुमाल लावून परतली, आणि तू आलीस ती टाकीतल्या जंतूंना काय खायला लागतं ते सांगत, तेही जेवताना. मी म्हणालो, गटारात हात घालायला दोन वर्षं शिकावं लागतं होय? तू रुसली नाहीस. घाण कुठून येते ते कळल्याशिवाय ती थांबवणार कशी, एवढंच विचारलंस. मी उठून पंखा दुरुस्त करायला घेतला. तो अजून बंदच आहे.

माझी चाळीस वर्षं लाँड्रीत गेली. गिऱ्हाइकाच्या हातात डागाचा कपडा गेला तर मालक दिवसभर बोलायचे. ते अंगात इतकं मुरलंय की तुझ्या आईने घासलेला पेला मी पुन्हा धुतो आणि तिची बोलणी खातो. तर मागच्या रविवारी तू घरी आली होतीस तेव्हा ओढ्यावरून बाटली भरून आणलीस, बर्फाच्या डब्यात ठेवलीस आणि मैत्रिणीकडे गेलीस. बर्फ वितळला असेल का, या काळजीने मी डबा उघडला. बाटलीत गढूळ पाणी, वर फेस, तळाला काळा गाळ. मनात आलं, उद्या सगळी मुलं आपापल्या बाटल्या टेबलावर मांडणार आणि त्यात आमच्या ठमीची सगळ्यात मळकी. पोरं हसतील, सर मार्क कापतील. मी ते पाणी मोरीत ओतलं. बाटली ब्रशने घासली, तीनदा खळबळली, नळाचं पाणी फडक्यातून गाळून अगदी तुझ्या खुणेपर्यंत भरलं. केवढं बरं वाटलं मला. सकाळी तू डबा तसाच उचलून नेलास. वाटेत झाकण उघडायचं नाही, असा तुमचा नियम.

वर्गात ती लखलखीत बाटली बघून तुला क्षणात कळलं असणार. घरात असा धुवायचा नाद दुसऱ्या कोणाला? तरी तू माझं नाव घेतलं नाहीस.

आज सकाळच्या बसने तुझ्या प्रशिक्षण केंद्रावर आलो. तुला मुद्दामच भेटलो नाही. सरांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग म्हणाले, "आजोबा, आम्हाला घाणच मोजायची असते." तुला तीनदा विचारलं, पण तू मान खाली घालून उभी राहिलीस, असंही म्हणाले. सोमवारी तुला नवा नमुना घ्यायचा आहे. यादीत तुझं नाव त्यांनी माझ्यादेखत परत लिहिलं.

पण पस्तीस मुलांपुढे जे बोललं गेलं, ते बंद खोलीत कसं मिटणार? म्हणून मीच म्हणालो, मी लिहून देतो, तुम्ही उद्या पहिल्या तासाला मोठ्याने वाचा. त्यांच्याच टेबलाशी बसून हे लिहितोय. तेव्हा हे पत्र तू वाचणार नाहीस, सगळ्यांबरोबर ऐकशील. लाज वाटली तर माझी वाटू दे. मुलांनो, ठमीने लबाडी केलेली नाही. बाटली मी धुतली.

तुझाच,
आजोबा