आड आलेलं घर

मंगळवार, २० जानेवारी. कोरीट, दिवेलागण.

मोलगीच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बढती आली आहे. ती नाकारणारं पत्र दुपारीच इंग्रजीत लिहून ठेवलं होतं: सासूबाईंचा गुडघा, घरची परिस्थिती, हे सगळं मला रुजू होणं 'प्रिक्लूड' करतं, म्हणजे अशक्यच करून टाकतं. केवढी खूश होते मी त्या शब्दावर! साधं 'मला जायचं नाही' लिहिलं असतं तर 'का नाही?' असं कुणीही विचारलं असतं. प्रिक्लूडला कोण विचारणार?

विचारलं ते सासूबाईंनीच. ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. "कागदमा काय लिखं वं?"

मी म्हटलं, घर आड येतं, जमणार नाही असं.

देठ खुडणारा हात थांबला. "घर म्हणजे मीच ना? मी तुले कव्हय आडी उनू?"

खरंच, त्या कधी आड आल्या? गुडघ्याचं कारण त्यांनी कधी एका शब्दानं काढलं नाही. घाबरले होते ती मीच. घाटातली जीप, अनोळखी गाव, पावरी बोलणारी मुलं, एकटीची खोली. भीती माझी आणि नाव त्यांच्या गुडघ्याचं!

पत्र फाडलं. दुसरं मराठीत लिहिलं, एका ओळीचं: २७ तारखेला रुजू होते. त्यांना वाचून दाखवलं. किती हलकं वाटतंय आता.

सासूबाईंनी परत देठ खुडायला घेतले. खाली मान घालूनच म्हणाल्या, "बजारना दिन मीबी येसू मोलगीले. मिरची इकसू."

त्या गुडघ्यानं!