उरलेली सहा अक्षरं

५ जानेवारी २००४, सोमवार
बालाघाटला पोचलो. गोंदियाहून छोट्या लाइनची गाडी, खिडकीत ऊन, मांडीवर कंपनीनं दिलेला संगणकाचा खोका. टॉवरच्या आवारात मला दोन खोल्या मिळाल्या आहेत. पुढच्या खोलीत यंत्रं, मागच्या खोलीत मी. समोर प्रेमलालचं क्वार्टर. आवाराची आणि केबलची देखभाल तो करतो. मूळचा कटंगीकडचा, चाळिशीचा. नाव चिन्मय सांगितलं तर त्याला चिन्नोर ऐकू आलं. म्हणाला, हा तर आमचा तांदूळ, सायब, तुम्ही वासावरूनच ओळखू याल. संध्याकाळी त्याच्याकडे तोच भात जेवलो. त्याची बायको शेवंताबाई वाढताना हात आखडत नाही. मला इथं आवडेल.

७ जानेवारी
काम लिहून ठेवतो. मोबाइलवरचा मेसेज जसाच्या तसा जात नाही. जागा वाचावी म्हणून आठ अक्षरं सात खणांत दाबून बांधतात आणि पलीकडे उलगडतात. आमचं नवं सॉफ्टवेअर सेकंदाला किती मेसेज बांधतं आणि किती उलगडतं ते मोजायचं, कमी पडलं तर वेग वाढवायचा. नागपूरचे शरदचंद्र साहेब म्हणाले होते, बालाघाट बरं, रहदारी कमी, काही चुकलं तरी फार कुणाला कळणार नाही. मी हसलो होतो.

प्रेमलालचा धाकटा भाऊ प्रीतम उकव्याच्या मँगनीज खाणीत आहे. तिथं दिवाळीत टॉवर लागला. तेव्हापासून दोघं भाऊ दिवसभर मेसेज पाठवतात. प्रेमलाल एकेक अक्षर अंगठ्यानं दाबतो, तसे त्याचे ओठ हलतात. फोनच करा ना, मी म्हटलं. तो म्हणाला, बोललं का भांडण होते सायब, लिवलं तर नाही होत.

१३ जानेवारी
बांधणी वेगवान आहे, उलगडणी मंद. कारण सापडलं. आठाआठांचे गठ्ठे झटकन सुटतात. शेवटी आठाहून कमी अक्षरं उरली की ती एकेक करून सोडवावी लागतात. वेळ तिथं जातो. तो भाग बंद करून पाहिला. वेग जवळजवळ दुप्पट. चाचणीचे माझे सगळे मेसेज नीट उलगडले.

१५ जानेवारी
आकडा नागपूरला कळवला. साहेबांनी बैठकीत माझं नाव घेतलं म्हणे. दुपारी तेच सॉफ्टवेअर चालू लाइनवर चढवलं. एक भाग बंद आहे, हे कळवलं नाही. चाचणीत एकही चूक नव्हती.

१८ जानेवारी, रविवार
प्रीतम गेला. काल उकव्याच्या वाटेवरच्या घाटात रस्त्याच्या कामाचे सुरुंग लावत होते. मोटरसायकलवर दगड आला. घाटातच केबलचं काम चालू असल्यानं प्रेमलालला सुरुंगाचं आधी कळलं होतं. त्यानं शुक्रवारीच भावाला मेसेज केला होता. तो रडत नाही. मेलेल्याला शिव्या देतो. म्हणतो, मी नाही म्हणलो होतो त्याले. माह्यं कधी आयकलं त्यानं?

२१ जानेवारी
साहेबांना खऱ्या मेसेजांवर चाचणी हवी आहे. गेल्या आठवड्याच्या नोंदीतून शंभर मेसेज काढले. लोकांचे मेसेज वाचू नयेत. वाचले. पहिलाच प्रेमलालचा, रोमन लिपीत. शनिवारी घाटातून तू येऊ नको.

मोकळ्या जागा धरून तीस अक्षरं. पलीकडे चोवीस उलगडली होती. सहा उरली. रोमन लिपीत 'येऊ' तीन अक्षरांचा. चोविसावं अक्षर त्यातलं दुसरं.

पोचला तो मेसेज असा: शनिवारी घाटातून तू ये.

माझे चाचणीचे मेसेज आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट अक्षरांचे होते. आमच्या धंद्यात हेच आकडे सुचतात. कधी काही उरलंच नाही.

बंद केलेला भाग चालू केला. कुणाला सांगितलं नाही.

२३ जानेवारी
प्रीतमची बायको अंजू उकव्याहून आली. प्रीतमचा फोन तिच्या हातात, काच फुटलेली, पण चालू. तिनं सगळ्यांसमोर मेसेज दाखवला. भाऊजी, तुम्हीच तर बलावलं त्यायले, म्हणाली. प्रेमलालनं आपला फोन पुढं केला. त्यात येऊ नको. दोघं दोन फोन घेऊन माझ्या दारात. प्रेमलालनं विचारलं, चिन्नोर सायब, तुम्ही शिकलेले, मले सांगा, मशीन खोटं बोलते काय?

मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही.

मंग ह्यातले अक्षरं काहून गेले, अंजूनं विचारलं. हाताळताना पुसली गेली असतील, मी म्हटलं. फोनमध्ये असं होत नाही. मला माहीत आहे. त्यांना नव्हतं.

शेवंताबाई मोठ्यानं म्हणाली, नवऱ्याच्या मरणातही खोटेपणा करते बाई. त्यानंतर अंजूशी कुणी बोललं नाही. दुपारच्या बसनं ती परत गेली. जाताना प्रीतमचा फोन माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, ठेवा, तुमच्यावरच भरोसा आहे ना सगळ्यायचा.

२८ जानेवारी
वेग निम्म्यावर का आला, साहेब विचारतात. जुनं आणि नवं दोन्ही चालवून आकडे हवेत. यादीतला पहिला मेसेज काढायला हवा होता. काढला असता तर का काढला ते सांगावं लागलं असतं.

जुनं, तो भाग बंद असलेलं, चालवलं. एकेक मेसेज दहा लाख वेळा. पहिल्याला चार सेकंद लागले. चार सेकंदांत मी त्याला दहा लाख वेळा ये म्हटलं.

शेवटी पडद्यावर निकालाच्या शंभरच ओळी हव्या होत्या. एकशे एक होत्या. शेवटची: हौ.

२९ जानेवारी
चाचणीचं यंत्र कुठल्याच लाइनला जोडलेलं नाही. वायर पाहिली. पुन्हा पाहिली. आज काही चालवलं नाही. तरी ओळ आली.

येऊन राह्यलो.

३१ जानेवारी
सकाळी प्रेमलाल धावत आला. त्याच्या फोनवर मेसेज, प्रीतमच्या नंबरावरून. घाट उतरलो. प्रीतमचा फोन माझ्या टेबलावर होता. बॅटरी मी कालच काढून ठेवली आहे.

प्रेमलाल हसत होता. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. म्हणाला, म्या एवढ्या शिव्या देल्या, तरी राग नाही धरला सायब त्यानं, येऊन राह्यला.

एवढंच सांगायचं होतं, की तुमच्या भावानं तुमचं ऐकलं होतं. जे पोचलं ते त्यानं ऐकलं. तोंड उघडलं. चहा घ्या म्हटलं.

१ फेब्रुवारी
नागपूरला पत्र लिहिलं. फाडलं.

माझ्या फोनवरून त्या नंबरावर मेसेज केला. येऊ नको. नव्या सॉफ्टवेअरमधून, सगळी अक्षरं गेली, मोजली.

उत्तर आलं. दादानं बलावलं.

म्हणजे नको म्हणायचं तर प्रेमलालनंच. त्यासाठी त्याला सांगायला हवं. अंजूचं. सहा अक्षरांचं. माझं—

उद्या.

२ फेब्रुवारी, दुपार
त्यानं अंगण झाडलं. दोन पाट मांडले. शेवंताबाई माहेरी निघून गेली, घाबरून. तो घाबरत नाही. त्याला काय माहीत, ते—

आवाराबाहेर मोटरसायकल. चालू नाही. कुणीतरी ढकलत आणतं आहे.

खिडकीतून फाटकाच्या गजांमागे दिसतो. खाणीचा डगला. खांद्यांच्या वर— नाही. वर काही—

प्रेमलालच्या हातात किल्ली. तो फाटकाकडेच बघतो आहे, ऊन डोळ्यांवर, त्याला नीट दिसत नसणार. हाक मारली. आवाज नाही. तेवीस तारखेपासून जे बोललो नाही ते घशात बसलं आहे, आता काहीच वर येत नाही.

काच वाजवली. त्यानं वळून पाहिलं. किल्ली उंच धरून हातानंच विचारतो आहे, उघडू?

माझ्या लिहिण्यावर त्याचा भरोसा आहे. या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावतो. आधी नको म्हणतो, मग सगळं सांगेन, सगळं—

प्रेमलाल, फाटक उघड