बकरं पाव्हण्यानं दिलं नव्हतं

अहो सुरेशचे आबा,

सून सुनीता विचारते, वर ‘प्रिय’ लिहू का? मी म्हटलं, अख्ख्या संसारात कधी म्हटलं नाही, आता वर गेलेल्या माणसाला कशाला लाडावायचं? ती लिहितेय, मी सांगतेय. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्याचाच तर फायदा घेतलात!

काल पतसंस्थेतून तुमच्या कर्जाचा बेबाकीचा दाखला आणला. फिटलं, आबा. सगळं फिटलं. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडनं कळायच्या आधी मीच सांगावं म्हटलं.

गावच्या जत्रेला आपल्या दारात केवढा मांडव पडायचा, आठवतंय? माझे कोडोलीचे माहेरवाले टेम्पो भरून यायचे. वाटेनं चाललेल्यालाही तुम्ही हाताला धरून आणायचा, “पावणं, जेवल्याबिगर जायचं न्हाय.” दोन-दोन बकरी कापायला पैसा कुठनं आला, असं मी विचारलं की म्हणायचा, कागलच्या पाव्हण्यानं बकरं दिलंय. आणि मी खुळी, त्या पाव्हण्याच्या बायकोला काठाचं लुगडं नेसवलं! तिनं गपगुमान नेसलं. कसलं बकरं, म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. तीही काय कमी नाही.

तुमचं दिवसकार्य उरकलं आणि संस्थेची नोटीस आली. सुनीतानं वाचून दाखवली. दर जत्रेला कर्ज, आणि जुनं भागवायला वर नवं. माझ्याशी एकदा बोलला असता तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

पण खरा घाव निराळाच होता. तुम्हाला जामीन राहिलेले तुमचे दोस्त दिनकरभावजी. हप्ते थकले तशी त्यांच्या पगारातनं कापाकापी सुरू झाली. शाळेतला शिपाई माणूस, पगार तो केवढा? भावजी आमच्यापाशी चकार शब्द बोलले नाहीत. त्यांची बायको पारू मात्र गिरणीत मला बघितल्याबरोबर दळण अर्धं टाकून निघून गेली. सख्ख्या बहिणीसारखी होती हो माझी.

त्याच दिवशी मी सुरेशकडनं घरखर्च माझ्या हातात घेतला. संध्याकाळचा चहा बंद. म्हशीचं दूध डेअरीला, घरात वाटीभर. आंघोळीचं पाणी चुलीवर, गॅस फक्त भाकरीला. टीव्हीचा रिचार्ज बंद. नातीनं दोन दिवस तोंड फुगवलं, मग माझ्याच गोष्टी ऐकायला लागली. त्यातल्या निम्म्या तुमच्या फजितीच्या आहेत. सुरेशला म्हटलं, फौंड्रीला गाडीवर एकटा जाऊ नकोस, शेजारच्याबरोबर जा, पेट्रोल वाटून घ्या. आणि रविवारचं मटण बंद. जत्रेचं जेवणही बंद.

त्यावर मात्र लेक बिथरला. “आई, माणसं काय म्हणतील?”

“माणसं जेवून गेली की. आता म्हणू देत.”

आणि माणसं काय म्हणाली, ऐका. कोल्हापुरात ज्या घरात मटण शिजत नाही, तिथं एकच कारण असतं! हौसाबाईनं नवऱ्यामागं माळ घातली, असं गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं. मी व्हय म्हटलं नाही, न्हाय म्हटलं नाही. फायदाच होता. माळकऱ्याच्या घरी जत्रेला कोण येतंय? उलट एकादशीला चार घरची खिचडी येऊ लागली, केळी येऊ लागली. बाया पाया पडायच्या आणि मी आशीर्वाद द्यायची. तुमच्याबरोबर एवढी वर्षं काढली, थोडं लबाड मीही झाले असणारच.

पुढची जत्रा आली. देवळात नैवेद्याच्या रांगेत माझ्यापुढं पारूच. वळून सगळ्यांदेखत म्हणाली, “आमच्यात औंदा बकरं न्हाय, कारण पगार कापतोय. आक्काच्यात न्हाय, कारण आक्काला देव पावलाय. बरं हाय की.”

माझ्या हातातलं ताट जड झालं. तिच्या मनात वर्षभर हेच होतं तर? तिचा नवरा आमचं कर्ज भरतोय आणि मी इकडं केळी खात संत झालेय!

“पारू, माझा गळा बघ,” मी म्हटलं. “माळ न्हाय. कर्ज हाय. आमच्या ह्यांनी केलं, मी फेडतीय. तुझ्या घरचा रुपाया न्हाय ठेवायची.”

पारू नुसती माझ्या गळ्याकडं बघत राहिली. पण मला काय हलकं वाटलं, सांगू! खिचडी त्या दिवसापासनं बंद झाली, ते सोडा. आता लपवायचं काही नव्हतं, मग कंजुषी उजळ माथ्यानं केली. पुढच्या महिन्यात गल्लीतल्या दोघीजणी हळूच विचारायला आल्या, चुलीवरच्या पाण्यानं गॅस किती दिवस जास्त पुरतो म्हणून.

थकबाकी भरली तशी भावजींची कपात थांबली. काल उरलेलं सगळं भरलं. साहेबानं कागद पुढं करून विचारलं, आजी, सही येते का? म्हटलं, अंगठा घ्या. सही आमच्या ह्यांची फार देखणी होती, तिनं काय केलं ते बघितलंय.

तिथनं सरळ भावजींच्या दारात. त्यांच्या पगारातनं जेवढं कापलं होतं तेवढं पदरात बांधून नेलं होतं. भावजी हात मागं घेऊन म्हणाले, वैनी, असू दे, तो माझा दोस्त होता. तेवढ्यात पारू आतनं आली. “दोस्त तुमचा, पैसं माझं,” म्हणून तिनं घेतलं, न मोजता कमरेला खोचलं आणि मला चुलीपाशी नेऊन बसवलं. मग तिनंच तुमचा विषय काढला. जत्रेत तुम्ही वाढायला लागला की कसा ताटावर हात आडवा धरावा लागायचा, ते सांगून पोट धरून हसली. दोन वर्षांत त्या घरात तुमचं नाव निघालं नव्हतं, आबा. काल निघालं, आणि हसत निघालं.

आता माझा शब्द घ्या. जत्रा मी परत करीन, माझ्या कमाईत बसेल तेवढीच. आणि मी आहे तोवर तुमचं नाव या गावात कुणी आवाज बारीक करून घेणार नाही. घेतलंच, तर मला ओरडायला अक्षर लागत नाही.

तुमचीच, आणि आता फक्त तुमचीच देणेकरी,
हौसा