अण्णांच्या लिंबाच्या गोळ्या

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार (सध्या पाठ जेवढं वाकू देते तेवढाच, उरलेला मनातल्या मनात). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का, की मी पाठवलेली बाटली अजून कपाटात सील न तोडता उभी आहे? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, कबूल. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि मला जे सांगायचंय ते एकदा अडलं की पुन्हा सुरू व्हायचं नाही. म्हणून पत्र.

आमच्या डोंगरातल्या सहलीत अण्णांना काय झालं ते तुला कळलंच आहे. त्यावरून तू त्यांना फोनवर अर्धा तास झापलंस, तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत होतो. शहात्तराव्या वर्षी आपल्या गोळ्या आपण सांभाळायच्या नाहीत तर कुणी, असं तू विचारत होतीस आणि ते "हो गं, चुकलं माझं," एवढंच म्हणत होते. त्याबद्दलच लिहायचंय. पण दुखण्याचं मूळ जेवणात आहे, तेव्हा आधी जेवण.

चार माणसं, चार दिवस. वाटेत दुकान नाही, गाडीरस्ता नाही, जे खायचं ते पाठीवरून न्यायचं. सहलीच्या सामानाच्या दुकानात तयार कोरड्या जेवणाची पाकिटं मिळतात, ती पाहून आलो. त्या भावात आम्ही चौघं चांगल्या हॉटेलात जेवलो असतो आणि वेटरही खूश झाला असता. मग मला सुचलं (मला काही सुचलं की घरात शांतता पसरते, हे तू पाहिलं आहेस) की बावीस वर्षं औषधाच्या दुकानात मी ग्रॅम-मिलिग्रॅमशी खेळतोय, चार गाजरं मला सुकवता येऊ नयेत? तीन आठवडे आमच्या ओव्हनचं दार लाकडी चमचा अडकवून किलकिलं होतं आणि आत मंद आचेवर कांदा, गाजर, टोमॅटो, वाटाणे सुकत होते. किलोभर गाजरं शेवटी मुठीत मावतात, ताई! ती मूठ मी शेजाऱ्यांनाही दाखवून आलो. पडद्यांना, उशांना, लेकीच्या दप्तराला कांद्याचा वास लागला. दुकानात एका बाईंनी खोकल्याचं औषध हुंगून परत केलं. वास बाटलीला नव्हता, मला होता.

मग वजनाचं वेड लागलं. दुकानातला काटा घरी आणला. तांदूळ, मसूर, दुधाची पावडर, ओट्स, सगळ्याच्या माणशी पुड्या बांधल्या. टूथब्रशांचे दांडे अर्धे कापले. चहाच्या पिशव्यांच्या दोऱ्या कापत होतो तेव्हा बायको म्हणाली, "पोटावरचे आठ किलो घरी ठेवून या, मग दोऱ्या कापा." मी ते थट्टेवारी नेलं. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाची सॅक काट्यावर चढवली. अण्णांच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात तो पत्र्याचा डबा निघाला. लिंबाच्या गोळ्या, डब्यासकट एकशे चाळीस ग्रॅम.

इन्सुलिन सुरू झाल्यापासून तो डबा त्यांच्याजवळ असतो, हे तुला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. तो मी काढला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. नाश्त्याच्या पुड्यांत मनुका आहेतच की, असं स्वतःला सांगितलं. त्यांना सांगितलं नाही.

पहिल्या संध्याकाळी वाटाणे शिजेनात. तासभर उकळले तरी ते फक्त गरम झाले. लेकीने विचारलं, "बाबा, हे खायचेत की खेळायचेत?" गॅसची अर्धी टाकी त्यांच्यावर खर्ची पडली. शेजारी दोघी बहिणींचा तंबू होता, थोरली बस चालवते, धाकटी शिवणकाम करते. त्यांच्याकडे सबंध बटाटे, एक अवजड कढई आणि जॅमची चक्क काचेची बरणी! दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना कमी वजनाच्या आहारावर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. बसवाल्या बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि ब्रेडवर जॅम लावत राहिल्या.

त्या दुपारी जेवणाला उशीर झाला. बायको आणि लेक पाण्याची जागा शोधायला पुढे गेल्या. नाश्त्याची पिशवी (मनुकांसकट) लेकीच्या पाठीवर. वजनाची वाटणी माझीच. मी आणि अण्णा मागे. तीस वर्षं पायी टपाल वाटलेला माणूस, पण अचानक दगडावर बसले. कपाळावर घाम, हात थरथरत होते, आणि त्या हाताने ते सॅकचा बाहेरचा कप्पा चाचपत होते. "डबा इथंच ठेवला होता रे," म्हणाले. जीभ जड झाली होती.

ताई, साखर उतरल्याची ही लक्षणं मी रोज काउंटरवर लोकांना समजावून सांगतो. छापील पत्रकही देतो. आणि माझ्या पाठीवर होते कांदे, वाटाणे आणि मीठ.

मागून त्या दोघी आल्या. थोरलीने अण्णांकडे एकदा पाहिलं, बरणी काढली आणि चमच्याने त्यांना जॅम भरवला. "आणखी एक चमचा, काका?" एवढंच ती बोलली. पंधरा मिनिटांनी त्यांचा चेहरा ओळखीचा झाला. मी हाक मारली ती ऐकून बायको धावत परत आली आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, की डबा कुठाय. मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "घरीच विसरलो गं. म्हातारा झालो." आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी मी दिवा फोडला की आईसमोर दोष स्वतःवर घेऊन पाहायचे, तसं.

मी गप्प बसलो.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे बहिणींच्या कढईतले बटाटे जेवलो. लेक म्हणाली, सहलीतलं हेच खरं जेवण. मीही दोन बटाटे खाल्ले, याची लाज अजून वाटते. तेव्हापासून बायको बाहेर पडताना अण्णांचे खिसे तपासते, लेकीने दारावर चिठ्ठी लावली आहे, आणि तुझा तो फोन. ते सगळ्यांचं ऐकून घेतात. तू झापलंस तो माणूस चुकीचा होता, ताई.

भाऊजींना नमस्कार. औषध जेवणानंतर घ्यायचं.

तुझा
धाकटा

ता.क. वर मी 'तोंड उघडायच्या आत' असं लिहिलंय, जणू मी उघडणारच होतो. खात्री नाही. आज बारा दिवस झाले.

ता.क. दुसरा : अण्णांशी अजून बोललो नाही. दोनदा त्यांच्या खोलीत गेलो. एकदा त्यांचा चष्मा पुसून दिला, एकदा साखर तपासून आलो. येत्या रविवारी येशील का? काही बोलू नकोस, फक्त सगळ्यांना टेबलाभोवती बसव. तू बसवलंस की आपल्याकडे कुणी उठत नाही. मलाही उठता येणार नाही.