गेरूचे ठिपके

बा, तुझ्या ध्यानात काय राहणार म्हणा. खडू कानावर खोचून घरभर खडू शोधणारा माणूस तू. म्हणून आधीच सांगते, मी तुझी थोरली लेक. अजून जिती हाय. अक्षर मला येत नाय, तर नात लिहितेय. तिचं तोंड सकाळपासून फुगलंय, ते का, ते पुढं सांगते.

हर्सूलच्या मालकाचं ते नवं घर आठवतं का, जिथं तू फरशीच्या कामावर होतास? ओसरीवर तुला चांदण्यांची फरशी घालायची होती, काळ्या न् पांढऱ्या दगडाची. मकबऱ्याच्या जाळीपुढं बसून बसून तू ती चांदणी शिकलास, एक खिळा न् एक दोरी, बस. तीन चांदण्या टोकाला टोक लावून ठेवल्या की मधे आपसूक सहा कोपऱ्यांचं घर उरायचं. "हे मी आखलं नाय, त्यांचं त्यांनीच केलं," म्हणायचास, आणि मला वाटायचं, माझा बा लईच भोळा. दगड हातानं कापलेले, एकाच्या जागी दुसरा बसायचा नाय. सगळे कोरडे मांडून तू प्रत्येकाच्या पाठीवर गेरूचे ठिपके दिलेस, कारण आकडे तुलाही येत नव्हते, आणि खाली चुन्याचा माल पसरायला ते उचलून ठेवलेस. जेवून येतोस तर सगळे दगड धुतलेले, लख्ख. पाठीवर एक ठिपका नाय. माल कालवलेला, ऊन डोक्यावर, मालक दारात. तू एक दगड घेतोस, फिरवतोस, बसत नाय, दुसरा घेतोस, आणि पाटीतला माल कडक होत चाललाय. तेवढ्यात माय घागर घेऊन आली न् तू तिच्यावर फुटलास. "तुला कुणी सांगितलं होतं पुसायला? डोकं घरी ठेवून येती का?" चारचौघांत. मायनं घागर ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं, एकदाच. माझे हात कोपरापर्यंत लाल होते, मी ते परकराखाली घेतले. मालकानं दुसऱ्याकडून साधी फरशी घालून घेतली. तू पुन्हा कधी चांदणी मांडली नाहीस.

आता हिचं ऐक. ही कॉम्प्युटरवर कोडं बनवते. पडद्यावर चांदणीचे तुकडे येतात, फिरवून फिरवून बसवायचे, कुठं फट राहायला नको. मी म्हटलं, अगं, हे तर माझ्या बाचं काम, फक्त कंबर दुखत नाय. आधी तिनं कागदाचे तुकडे कापून खाली मांडले होते, मागं आकडे घालून. आज पाचला सरांना दाखवायचंय, आणि तुकडे सकाळीच घंटागाडीत गेले. "मम्मी, तुला कळत नाय का? आठ दिवस बसले होते मी." सून पोळ्या लाटत राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच.

मला आकडे न् मुंग्या सारख्याच, बा. खाली कचरा दिसला, मी भरला. तेव्हाही, माझं कौतुक करशील म्हणूनच धुतले होते दगड.

थांबलीस का गं? लिही.

"आज्जी, तू होतीस?"

व्हय. तेही लिही.

पोर उठून स्वयंपाकघरात आईकडं गेली होती, आता परत येऊन बसलीय. पाठीवर पिठाची पाच बोटं उमटलीत. म्हणते, "रडू नंतर, आधी चांदणी कशी आखायची ते सांग." दोन तास उरलेत, मी दोरी मागितलीय.

हे पत्र गादीखालीच राहणार, वर तुमच्याकडं टपाल जात नाय. मायला मात्र तूच सांग, तिच्यापुढं माझी जीभ अजून उचलत नाय. आणि सीताफळं पाठव. मागं दौलताबादहून आणायचास ती कच्ची असायची, तुला वाईट वाटू नये म्हणून मी गोड म्हणून खायचे. यावेळी डोळे उघडलेली बघून पाठव.