गजाभाऊची कोल्हीण

१४ जानेवारी
सकाळी पंपाकडे जाताना गजाभाऊच्या उंबऱ्यावर कबुतर. अरबाबचं, म्हणजे मळ्याच्या मालकाचं, पांढरं, पंख्यासारख्या शेपटीचं. मान मोडलेली, बाकी शाबूत. खाल्लेलं नव्हतं. ठेवलेलं होतं.
खोलीला कुलूप आहे. तो वारला तेव्हापासून तिथं कुणी राहत नाही, मीच अधूनमधून उघडून वाळू झाडतो.
कबुतर खजुराखाली पुरलं. कुणाला बोललो नाही.
संक्रांत म्हणून गावाहून बायकोचा, कुसुमचा फोन. गोड बोला म्हणाली. मग लगेच, "आवाज का बसलाय?" म्हटलं, थंडी आहे. कतारात कसली थंडी, असं हसली.

१६ जानेवारी, शुक्र.
आणखी दोन गेली. या वेळी फहदनं आधी पाहिलं. अरबाबचा धाकटा, सुट्टीला दोह्याहून मळ्यावर येतो, पोरगा वाईट नाही. उंबऱ्यावरची पिसं बघून म्हणाला, "हवालदार, फॉक्स इधर रोज आता है?"
म्हटलं, कभी कभी.
रोज येते. सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली की चाऱ्याच्या शेडमागून येते, उंबऱ्यासमोर बसते, दाराकडे तोंड करून. आमच्याकडे हिला खोकड म्हणतात. गजाभाऊ कोल्हीणच म्हणायचा, तेव्हा कोल्हीण. किनाऱ्यावरच्या समैस्म्याच्या कोळ्यांकडून मासळी आणायचा आणि डोकी तिला. मी ओरडायचो, रानटी जनावराला सवय लावतोस. तो गुहागर सोडून मुंबईला, मुंबई सोडून इथं आलेला, पण तोंडात आईची मालवणीच. "खांव दे तिका. आपला काय जाता?"
आपलं नाही, अरबाबचं जातंय आता.

१८ जानेवारी
अरबाबनं बोलावलं. चहा दिला, म्हणजे काम अवघड. म्हणाला, कोल्हीण मारायची, फहदच्या नावानं परवाना निघेल, बंदूक तू निवड. "तू फौजी. बंदूक का डॉक्टर."
हे मीच एकदा बढाई मारून सांगितलेलं. अख्खी नोकरी आर्मररची, दुसऱ्यांच्या रायफली खोलायच्या, पुसायच्या, जोडायच्या. आता मी परक्या मुलखातला माणूस, बंदुकीला बोट लावायचं नाही, नुसतं तोंडानं सांगायचं. लहान कॅलिबरची हवी. जवळून मारायची आहे, शेडपासून उंबऱ्यापर्यंत, चाळीस मीटर असेल नसेल.
विचार करून सांगतो म्हटलं. कसला विचार ते त्याला काय माहीत.

२०
संध्याकाळी पाइप जोडत होतो. अगदी कानामागे, "इली काय रे?"
गजाभाऊ रोज विचारायचा. आंघोळ करून, टॉवेल खांद्यावर, दारात उभा राहून. आली का ती.
मागं कुणी नव्हतं. समोर ती बसलेली. तिनं पण कान वळवला, त्याच बाजूला.
पाइप टाकून खोलीवर आलो. मी घाबरलो होतो. फौजेत राहिलेल्या माणसानं हे लिहू नये, पण लिहितो.

२३ जाने., शुक्र.
फहदनं घोळ घातला. मला न विचारता घरातली छऱ्याची एअरगन घेऊन शेडमध्ये बसला. कबुतरांसाठी ठीक आहे ती. कोल्ह्याला म्हणजे चिमटा.
मी टाकीवर होतो. फट्ट झालं आणि ती ओरडली. लहान मूल भाजल्यावर ओरडतं तसं. मग मागचा पाय आखडून बंधाऱ्यावरून पलीकडे.
फहदचा चेहरा पांढराफटक. "हवालदार, मैं ठीक मारा, वो मरा नहीं." मी त्याला काय काय बोललो. मालकाचा मुलगा आहे हे नंतर आठवलं. त्यानं ऐकून घेतलं.

२५
आली नाही.
उंबऱ्यावर जाऊन बसलो थोडा वेळ. का, सांगता येणार नाही.

२६
आली. लंगडत. बसताना एका अंगावर कलते. दाराकडे तोंड, तसंच.
आधी बरं वाटलं आणि मग स्वतःचीच चीड आली. हिची वाट बघणारा मी कोण?

२८
झोप नाही, म्हणून लिहून मोकळा होतो.
गजाभाऊ गेला शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, अवसेला. झोपेतच, हार्ट. मीच दार ढकललं. देह गावी गेला, मुलानं सगळं नीट केलं. पण दहाव्याला मला राहवेना. भाताचा गोळा केला, वर दही-तीळ, त्याच्या उंबऱ्यावर ठेवला. भट नाही, नदी नाही. आणि कावळा नाही. या मळ्यावर साळुंक्या ढीग, कावळा औषधाला नाही. साळुंक्यांचं चालतं का ते कुणाला विचारू? त्या पण आल्या नाहीत.
मग गावी करतात तसं केलं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी राहिलंय. हात जोडून एकेक सांगत जायचं, जे राहिलंय ते मिळालं की शिवतो. गजाभाऊ, मुलीचं लग्न आम्ही बघू. घराची कौलं बघू. वहिनींना फोन करत जाईन. काही नाही. ऊन उतरत आलं. शेवटी वैतागून, खरंच वैतागून म्हणालो, "बरं बाबा, तुझ्या कोल्हिणीला बघीन!"
शेडमागून ती आली. मी दोन पावलांवर उभा. माझ्याकडे न बघता अख्खा गोळा खाल्ला.
तेव्हापासून दर अवसेला भात ठेवतो. तिच्यासाठी की त्याच्यासाठी, मलाच कळेनासं झालंय. मासळी बंद झाली तरी ती या उंबऱ्याला धरून राहिली ती या भातामुळं. आणि कबुतरखाना इथून ढांगेवर.

३० जाने., शुक्र.
फहद मोबाइलवर बंदुकांचे फोटो घेऊन बसला. सगळ्यात मोठी दुर्बीण असलेली त्याला आवडते. समजावलं.
टू-ट्वेंटीथ्री नको. लांबची गोळी, आवाज मोठा, चुकली तर समैस्म्याच्या व्हिलांपर्यंत काळजी.
पॉइंट टू-टू. आवाज कमी, स्वस्त, सगळीकडे मिळते. पण शिशाची जड, सावकाश गोळी. इथली जमीन दगडी. दगडाला लागली की शीळ घालत कुठंही जाते.
पॉइंट सतरा. गोळी तांदळापेक्षा जरा मोठी, पण वेगवान, लागेल तिथंच फुटते, उडत नाही. जवळून कोल्ह्याला पुरे. जागीच.
"जागीच" म्हणताना जीभ अडली. फहदनं विचारलं, "दर्द नहीं होगा?" म्हटलं, नीट मारलीस तर नाही.
बंदूक ठरवली असं सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात सांगतो म्हटलं.

१ फेब्रुवारी
काल दिवसभर डोक्यात एकच. चुकीची बंदूक सांगावी. एअरगनच जरा मोठी घे म्हणावं. तिला लागेल न लागेल, घाबरून जाईल निघून. अरबाबला काय कळतंय.
पण तो पाय बघितलाय मी. मुद्दाम वाईट बंदूक सांगायची म्हणजे तिला हाल करून मारायचं. चांगली सांगायची म्हणजे मारायचंच. मधलं काही दुकानात मिळत नाही.
कुसुमला सगळं सांगितलं. म्हणाली, "अवो, तुमी शबुद दिलाय न्हवं मेलेल्या मानसाला?" म्हटलं दिलाय. "आन् भाकरी कुनाची खाताय?" म्हटलं अरबाबची. "मग मला इचारून काय उपेग," म्हणाली. बरोबर आहे तिचं.

३ ते ६
पिंजरा लावू का, विचारलं अरबाबला. पकडून लांब वाळवंटात सोडू. तो म्हणाला लाव. लावला, कोंबडीचं काळीज आत.
४ ला मांजर. ५ ला तेच मांजर. ६ ला अरबाब हसला आणि म्हणाला, खलास, पुरे झालं.
ती पिंजऱ्याला वळसा घालून उंबऱ्यावर जाऊन बसते.

७
सतरा सांगितली. सांगून टाकली.
संध्याकाळी गजाभाऊच्या खोलीचं कुलूप काढून आत गेलो, वाळू झाडली. खाटेवर कुणी आत्ताच उठून गेल्यासारखा खळगा. माझ्याच बसण्याचा असेल, मागच्या वेळचा. असेल.

१३ फेब्रु., शुक्र.
बंदूक आली. काळी, हलकी, देखणी. हात शिवशिवले, खिशात घातले.
फहदकडून बंधाऱ्यात कागदावर मारून घेतलं. शिकतो लवकर. श्वास सोडून थांबायला सांगितलं, थांबतो. एकच नियम घोकून घेतला: मागे माती नसेल तर घोड्यावर बोट नाही. शेडमधून उंबऱ्यावर नेम धरला की गोळी भिंतीला समांतर जाते, मागे वाळूचा बंधारा. तिथं चालेल. पाण्याच्या टाकीपाशी नाही, मागे माणसांच्या खोल्या. तिथं सोनं उभं राहिलं तरी नाही.
"और तुम बोलेगा तब मारेगा," फहद स्वतःहून म्हणाला. "एअरगन जैसा नहीं करेगा."
हे त्यानं म्हणायला नको होतं. आता ते माझ्यावर.

१५
शिवरात्र. उपास. साबुदाणा नाही, खजूर खाल्ले.
अरबाबला रमदानच्या आधी हे संपायला हवंय. अवस मंगळवारी. गजाभाऊचं वर्षश्राद्ध. फहद नेमका मंगळवारीच येतोय, चांद दिसला तर बुधवारपासून रोजे.
अजून एक. तिचं पोट खाली आलंय. लंगडी, जड. पिल्लं आहेत की नाही ते लांबून बघून सांगता येत नाही, असं मी मला सांगतोय.

१६
"इली काय रे?"
या वेळी मी उत्तर दिलं. मोठ्यानं. "इली." ट्रॅक्टरवाला खानभाई बघत राहिला.

१७ फेब्रुवारी, अवस
भात केला. दही, तीळ. गोळा हातात घेऊन उभा राहिलो आणि कळलं की हाच श्राद्धाचा घास आणि हाच आमिषाचा. फहदही म्हणाला होता, कुछ खाना रखो दरवाजे पे.
उंबऱ्यावर नाही ठेवला. टाकीपाशी ठेवला. मागे खोल्या. माझाच नियम. ती तिथं खाईल, फहद बोट लावणार नाही, आणि मी खोटंही बोललो असं होणार नाही. फार हुशारी केली.
शेडमध्ये फहद बंदुकीवर, मी शेजारी. तो टाकीकडं बघून माझ्याकडं वळला. समजलं त्याला.
बांग झाली. ती आली. टाकीपाशी गेली, भात हुंगला. नाही खाल्ला. तोंड फिरवून लंगडत उंबऱ्याकडे गेली आणि बसली. दाराकडे तोंड नव्हतं आज. आमच्याकडे. मागे बंधारा, वाळू, काही अडचण नाही.
फहदचा श्वास थांबलेला ऐकू आला. मी शिकवल्याप्रमाणे. कुजबुजला, "हवालदार? बोलो."
घास शिवला नव्हता. काय राहिलंय त्याचं? मनातल्या मनात सगळं म्हणून झालं. मुलगी. कौलं. वहिनी. तिला बघीन हे म्हणायला गेलो आणि म्हणवेना. त्याच्या उंबऱ्यावर तिच्यावर नेम धरून बसलेला मी, कुठल्या तोंडानं म्हणू?
"बोलो."
म्हटलं, आज नहीं. आज मेरे भाई का दिन है.
फहदनं बोट काढलं. बंदूक मोकळी केली, शिकवली तशीच. ती तशीच बसलेली. बाहेर अरबाब पश्चिमेला चांद शोधत उभा होता.
"फिर रमदान के बाद?" फहदनं विचारलं. मग जरा थांबून, "तब तुम बोलेगा?"
म्हटलं, इन्शाल्ला.
तो हसला. या देशात इन्शाल्ला म्हणजे हो की नाही, ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.
सगळे गेल्यावर टाकीपाशी गेलो. भात तसाच. उचलून उंबऱ्यावर आणून ठेवला आणि तिथंच टेकलो. ती चार हातांवर, उठली नाही. मी पण उठलो नाही. दोघंही बंद दाराकडे बघत बसलो, आणि घास मध्ये.